मोठ्ठा आ

"मोठ्ठा आ करा बघू, आजी. अस्सं! शहाणं गं माझं बाळ," दातांचा डॉक्टर म्हणाला आणि हातमोज्यातली दोन बोटं त्यानं म्हातारीच्या तोंडात घातली.

बोटांना रबराची चव होती आणि त्या चवीवर कसलासा गोड वास चोपडलेला. खुर्ची मागे लवलेली, पाय डोक्याहून उंच, डोळ्यांवर दिवा, जिभेखाली थुंकी ओढणारी नळी घुर्र घुर्र करत होती. नातवाच्या वयाचा पोरगा, ना नात्याचा ना गोत्याचा, आणि तिला बाळ म्हणत होता.

ती आली होती एका दाढेसाठी. खालची, डाव्या अंगाची, ठणक्यानं जीव नकोसा करणारी. बाकीच्या दातांबद्दल तिची काही तक्रार नव्हती. उभा जन्म तिनं शिवणात घातला होता. अजूनही मशीनवर बसली की कात्री हाताशी असून दोरा दातानंच तोडायची, टच्च.

डॉक्टरनं आरसा फिरवला, आकड्यानं एकेक दात टोचून पाहिला. "दाढ गेलीये. बाकी ठीक आहेत. पुढचे तर छानच आहेत की," तो म्हणाला. तिला नाही, खुर्चीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या लेकाला.

लेकानं मोबाइलमधून मान वर काढली नाही. "आज ठीक आहेत हो. उद्या दुसरा ठणकेल, परवा तिसरा. दर खेपेला रजा मलाच टाकावी लागते. सगळेच काढून टाका ना, डॉक्टर."

"सगळे?"

"कवळी बसवा. एकदाचं काम मिटेल. एवीतेवी मऊच खायचंय आता तिला."

म्हातारीनं "अं अं" केलं. नळी आणखी जोरात घुरघुरली.

"दुखलं का आजीला? झालं हं, झालं!" डॉक्टर लाडात म्हणाला आणि लगेच, दुसराच माणूस असल्यासारखा, लेकाकडे वळला. "करता येईल. टप्प्याटप्प्यानं करू, आज तीन-चार काढतो. साखर आहे का? जेवण? पोट साफ होतं?"

"होतं की. दिवसभर त्याच्याच तर गप्पा असतात."

दोघं हसले. विहिरीत डोकावावं तसे तिच्या उघड्या तोंडावर ओणवे होऊन हसले. लाळ हनुवटीवरून ओघळून गळ्यात उतरली. पुसायला तिनं हात उचलला, तर डॉक्टरनं तो अलगद खाली दाबला. "हात खाली, हात खाली. खोडकर आहेत हं आजी!"

तिला शेजारीण आठवली. शेजारणीची कवळी सुनेच्या कपाटात असते. पाहुणे आले की हातात मिळते, पाहुणे उठले की धुऊन परत. एरवी ती बोलायला लागली की ओठ आत जातात आणि शब्दांऐवजी नुसता वारा बाहेर येतो. काय बोलते तेच कळत नाही बाई, असं घरातले म्हणतात, आणि मग कुणी ऐकतही नाही.

"चूळ भरा," डॉक्टर म्हणाला. खुर्ची सरळ झाली, नळी निघाली.

तिनं चूळ भरली, थुंकली, पालथ्या हातानं हनुवटी पुसली. मग डॉक्टरच्या डोळ्यांत बघून, दोरा ओढून गाठ मारावी तसं एकेक अक्षर आवळत म्हणाली, "खालची डावी दाढ काढा. तेवढीच. बाकीच्या दातांना हात लावायचा नाही."

डॉक्टरनं लेकाकडे पाहिलं. "काय म्हणतायत त्या?"

"काही नाही हो. भ्यायलीये. तुम्ही करा सुरू."

म्हातारीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. आतून असा उबग दाटून आला की दाढेचा ठणका त्यात बुडून गेला. लेकाचा चेहरा, तिचंच नाक, तिचेच डोळे. झाकण उघडावं आणि अन्नावर बुरशी दिसावी, तसा तो तिला दिसला.

खुर्ची पुन्हा मागे लवली. सुई चमकली. "आ करा बघू, आजी. मुंगी चावेल, एवढंच."

तिनं तोंड मिटलं.

"आऽऽ," डॉक्टरनं स्वतःचा जबडा फाकवून दाखवला.

तिनं दातांवर दात दाबले. किडकी दाढ कळवळून उठली, कळ कानातून थेट डोळ्यात गेली. ती दाबतच राहिली.

"अहो, बाहेर पेशंट खोळंबलेत. तुम्ही सांगा ना त्यांना."

लेकानं मोबाइल खिशात टाकला. आल्यापासून पहिल्यांदाच तो तिच्या इतक्या जवळ आला. "थांबा, मला युक्ती ठाऊक आहे. हिनंच शिकवलीये," तो हसत म्हणाला. "मी औषध प्यायचो नाही तेव्हा काय करायचीस गं, आई?" आणि त्यानं चिमटीत तिचं नाक धरलं.

चिमटीला मोबाइलची ऊब होती. दिवा डोळ्यांत थरथरला. छाती दाटत आली, फुटायला आली. डॉक्टर सुई सरसावून वाकला.

ओठ उघडले. दात उघडले नाहीत. त्यांच्या फटीफटींतून ती श्वास ओढत राहिली, सूं सूं, सूं सूं, आणि डोळ्यांची पापणी न लववता लेकाकडे बघत राहिली.