आयत्या वेळचा विषय

अंजना गेल्याचं गल्लीत सकाळी कळलं आणि दुपारी चारपर्यंत सगळं आटोपलंही. संध्याकाळी दारातल्या सतरंजीवर पुरुषमंडळी बसली होती. बायका आत, उंबऱ्यापलीकडं. तिचा नवरा जोतिबा भिंतीला टेकून बसला होता. जो येई तो जवळ बसून एकच विचारी, कसं झालं? आणि जोतिबा पहिल्यापासून सांगे.

दिवे लागायच्या वेळेला नगरसेवक जयराज आला, मागं दोन कार्यकर्ते. त्यानं चपला काढल्या आणि जोतिबाचा हात हातात घेतला.

"कसं झालं, आबा?"

जोतिबा सांगायला लागला. रात्री चांगली जेवली. सकाळी अंघोळ करून ठेवणीतलं पातळ नेसली, चहा घेतला, चपला घातल्या आणि दारातच म्हणाली, जरा बसते. बसली ती बसलीच.

"एवढ्या सकाळी कुठं निघाल्या होत्या?"

"तुमच्याकडंच."

जयराजनं हात सोडला नाही, पण पकड सैल झाली.

कशाला निघाली होती ते सतरंजीवरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. अंजनाचा सगळा जन्म मिरजेच्या दवाखान्यात मावशी म्हणून गेला. जतकडून, अथणीकडून आलेली माणसं कुठल्या खिडकीला जायचं ते न कळून पेशंट घेऊन हिंडत बसायची, हे ती रोज बघायची. आणि गल्लीतली अकरावी-बारावीची पोरं सुट्टी लागली की कुणाच्या तरी ओळखीनं परगावी कामाला जायची. त्यातली बरीच पुन्हा कॉलेजात दिसायची नाहीत. तिचं म्हणणं एवढंच होतं, की महापालिकेनं सुट्टीत या पोरांना कामावर घ्यावं. वाट दाखवायला स्टेशनात आणि दवाखान्याच्या दारात उभं करावं. पोरांना कानडी येतं, रस्ते माहीत आहेत. आणि रोजची हजेरी मांडून पगार द्यावा. दोन वर्षं ती जयराजला हे सांगत होती आणि तो बघू म्हणत होता. दुसऱ्या दिवशी महापालिकेची सभा होती, पैशाचं सगळं तिथंच ठरायचं होतं. अंजनाचा विषय पत्रिकेवर नव्हता.

जोतिबानं हेही सांगितलं. चहाचं सांगितलं त्याच आवाजात.

मेव्हण्यानं, नानासोनं, त्याचा गुडघा दाबला. "दाजी, आज नगं."

"सभा उद्या हाय. मग कवा?"

जयराज घसा खाकरून म्हणाला की तरतुदीशिवाय असं काही करता येत नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात पोरांना स्वयंसेवक म्हणून घेतलंच होतं.

आतून शेजारच्या रंगूबाईचा आवाज आला. "घेतलं हुतं की. टोप्या दिल्यासा, फोटो काढलासा. माझी नात ती टोपी घालूनच पुण्याला भांडी घासायला गेली. आजून तिकडंच हाय."

सतरंजीवर कुणीतरी हसू दाबलं. एक कार्यकर्ता उठायला लागला. जयराजनं त्याला बस म्हणून खुणावलं आणि विचारलं, पोरं किती आहेत, उन्हात टिकतील का. जोतिबाला सांगता येईना. ते अंजनाला ठाऊक. त्यानं आत बघितलं.

पायल उंबऱ्यापाशी आली. पलीकडच्या घरातली, अकरावीची परीक्षा नुकतीच झालेली. परवाच्या एसटीनं तिला पुण्याला कामाला न्यायचं ठरलं होतं, आत्या येऊन बसलीच होती. पोरीचे डोळे रडून सुजले होते, पण तिनं नीट सांगितलं. वीस-बावीस पोरं-पोरी तयार आहेत, दोन पाळ्या करतील, आपापसांत ठरलंय.

"फकस्त फुकट नगो, दादा. फुकट असलं की घरातनं सोडत न्हाईत."

मौतीच्या घरात कुणी काही मागत नसतं. त्यामुळं तिथं नाही कसं म्हणायचं, हे जयराजला कधी शिकावं लागलं नव्हतं. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथंच बसून, हलक्या आवाजात, कुणाला तरी सांगितलं, "उद्या माझा एक विषय घ्या. हो, आयत्या वेळचा."

पत्रिकेवर नसलेला विषय असा ऐन सभेत घेता येतो, हे गल्लीला तोवर माहीत नव्हतं. अंजनालाही नसावं. जयराज उठला आणि अशा घरातून जातात तसा, येतो न म्हणता गेला.

तिसऱ्या दिवशी कृष्णेच्या घाटावर रक्षाविसर्जन झालं. माणसं पांगायला लागली तेव्हा जयराज पायऱ्या उतरून आला आणि जोतिबाच्या कानाशी म्हणाला, "झालं, आबा. पगारासकट." तेवढं ऐकून जोतिबा पायरीवर खाली बसला. नानासो घाबरून धावला. त्याला वाटलं, दाजींना चक्कर आली.

"भूक लागलीया," जोतिबा म्हणाला.

नानासोनं गाड्यावरून भडंगाचा पुडा आणला. तीन दिवसांत घास न उतरलेल्या माणसानं तो सगळा संपवला, हात झटकले आणि ओंजळीनं पाणी प्याला. घरी पोचले तेव्हा पायलची आत्या एकटीच एसटीला निघाली होती. पायल तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत सोडायला चालली होती आणि दोघी मोठमोठ्यानं भांडत होत्या. जोतिबा दारात उभा राहून ते भांडण कोपऱ्यापर्यंत ऐकत राहिला.

ठराव या एका उन्हाळ्यापुरता झाला होता. पुढच्या सालचं कुणी मागायचं, ते ठरायचं राहिलं होतं.