धाकट्याचे बूट

धाकटा भाऊ न सांगता घर सोडून गेला, तेव्हापासून बाबा दर वर्षी ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात त्याच्यासाठी नवे बूट शिवतात. त्यातल्या एका रविवारी चर्चमध्ये उधळ्या पुत्राची गोष्ट वाचतात. गोष्टीतला बाप परतलेल्या मुलाच्या पायांत जोडे घालायला सांगतो. “माप कुणाचं घेता?” मी विचारलं. “माझंच. माझ्यावर गेलाय तो.” दुकान मी सांभाळतो, गिऱ्हाइकांची बोलणी मी खातो, माझ्याच चपलेचा अंगठा तुटलेला. यंदा त्या रविवारी तापामुळे मी घरीच होतो. कपाटातल्या बुटांना कुबट वास येत होता, म्हणून मी ते दाराबाहेर उन्हात ठेवले. चर्चमधली मिस्सा आटोपून बाबा वळणावर आले, बूट दिसताच थबकले. मग काठी टाकून दुखऱ्या गुडघ्यांनी धावत सुटले, “आलं का रे माझं पोर?” माझ्यासाठी बाबा असे कधीच धावले नव्हते. मी कधी कुठे गेलोच नव्हतो.