बिनवायरीचा फोन

कुणाला पटणार न्हाई, पण गणेशगुडीच्या डोंगरावरनं मी सरळ बेळगावच्या दवाखान्यात बोललो! भाच्यानं गोव्यातनं आणलेला हा बिनवायरीचा फोन. शी! घाणेरडं यंत्र. कफ झालेल्या म्हाताऱ्यागत नुसतं खाकरतंय. कंपनीवाल्याच्या तोंडावर फेकून मारावं वाटलं. तरी कान लावून बसलो अन् आमच्या पारूच्या बाळंतपणाची बातमी घेऊनच उतरलो. नातू झालाय, बाळ-बाळंतीण सुखरूप हायत. वाटा साखर!

कट्ट्यावरची मंडळी हसली, पण माझी बायको अनुसया दारातनं हलली न्हाई.

"अवो, कुणाशी बोललासा? फोनचा डबा सकाळपासनं घरात बोंबलतोय, अन् अंगणापल्याड मुकं होणारं त्याचं उचलायचं दांडकं तुम्ही कमरेला खोचून डोंगरावर! पोरीचं काय झालं ते सांगणाऱ्याला मी हॅलो तरी कशात म्हणू?"