गायरानातले कडुनिंब

"पंखा साहेबांकडे आणि ऊन आपल्याकडे," शेजारच्या सुलभावहिनी पदरानं वारा घेत पुटपुटल्या. गायरानात नवा तुरुंग होणार होता आणि त्यानं पर्यावरणाचं काय बिघडेल, ते सांगायला आम्हा गावकऱ्यांना मांडवात बोलावलं होतं.

सांगायला सगळेच पुढे. सांडपाणी ओढ्यात जाईल, मोर पळतील. मग सरपंच उठले. "साहेब, गायरानातले कडुनिंब गावानं पोटच्या पोरासारखे जगवलेत. ते तोडू देणार नाही!"

टाळ्या पडल्या. मी मात्र मान खाली घातली, कारण माझ्या दुसऱ्या बाजूला अनुसयाकाकू बसल्या होत्या. ते कडुनिंब त्यांच्या मुलानं, दिगंबरनं लावलेले, कावडीनं पाणी घालून वाढवलेले. पुढे एका भांडणात त्याच्या हातून माणूस गेला आणि त्याला शिक्षा झाली. तेव्हापासून काकूंना वाईट वाटू नये म्हणून गावात 'दिगंबर कामाला गेलाय' असंच म्हणायचं. तीन एसट्या बदलून त्या त्याला भेटून येतात, तेव्हाही आम्ही विचारतो, "काय काकू, कामावर बरा आहे ना?"

काकू उठल्या. माइक कुणी पुढे केला नाही, पण त्यांना तो लागलाही नाही.

"झाडं गावानं नाही, माझ्या दिगंबरनं जगवलीत. आणि तो कामाला गेलेला नाही, तुरुंगात आहे. साहेब, बांधा तुम्ही, पण झाडं राखून बांधा. त्याला इथं आणलंत, तर मला चालत जाता येईल आणि त्याला आपल्या झाडांखाली बसता येईल."