चौकोनी निरोप

मोबाइल दुरुस्तीवाल्याने हौसेने आपला फोन रूट केला, म्हणजे कंपनीचं कुलूप काढून आतली सिस्टीम मोकळी केली, तेव्हा जागा वाचवायला न लागणाऱ्या भाषांचे फॉन्ट उडवून टाकले होते. त्यामुळे पलीकडच्या गावात त्याच्या वडिलांना सांभाळणाऱ्या थाई नर्सचे मेसेज त्याला नुसते रिकामे चौकोन दिसायचे. ती मराठी मोडकंतोडकं बोलायची, पण लिहायची थाईतच. काही अडलंच तर फोन करेल, असं म्हणून तो प्रत्येक मेसेजला 'ठीक आहे'चा अंगठा पाठवून मोकळा व्हायचा.

त्या रविवारी एक गिऱ्हाईक आलं. त्याला फोनमध्ये थाई अक्षरं हवी होती. दुसऱ्याच्या फोनवर प्रयोग नको, म्हणून दुरुस्तीवाल्याने फॉन्ट आधी स्वतःच्या फोनवर टाकून पाहिले. फोन पुन्हा सुरू झाला, तर नर्सच्या मेसेजमध्ये चौकोनांच्या जागी अक्षरं! गंमत म्हणून त्याने भाषांतराचं बटण दाबलं.

"आजोबा विचारतात, मुलगा या रविवारी नक्की येणार ना?"

खाली त्याचा अंगठा. मागच्या आठवड्यातही तोच प्रश्न, तोच अंगठा. त्याच्या मागच्या आठवड्यातही.

दुकानाचं शटर ओढून तो तडक वडिलांकडे गेला. इस्त्रीचा शर्ट घालून ते दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"बाबा, माझं चुकलं..."

वडील खुशीत नर्सकडे वळले.


"बघ पोरी, म्हटलं नव्हतं? उशीर करेल, पण माझा मुलगा शब्द मोडायचा नाही!"