कट्यारीची दुसरी बाजू

ऋषिराजच्या हळदीला पाहुणे जमू लागले होते आणि नवरदेवाचा बाप मागच्या ओसरीवर चिंधी घेऊन कट्यार घासत बसला होता. दत्तोबांची हौसच दांडगी. उद्या इंदापूरच्या मंडपात पोरगं उभं राहणार, हातात लिंबू टोचलेली कट्यार असणार, ती काय भाड्याची असावी? घरात पणज्याच्या वेळची होती. फक्त वार्निशाच्या पुटांखाली ती पार काळवंडून गेली होती.

ही पुटं घरच्याच खुळातून चढलेली. खंडेनवमीला कट्यार पुजायची, तिच्या दोन्ही अंगांना घरच्या बाईनं कुंकू लावायचं. आणि एकदा लावलेलं कुंकू पुसायचं नाही, ही या घराची रीत. मग दत्तोबांचे वडील काय करत, तर कुंकू वाळलं की त्याच्यावरूनच वार्निशाचा हात फिरवत. गंजही धरायचा नाही आणि कुंकूही जायचं नाही. त्यांच्यामागं दत्तोबांनी तेच चालवलं. वर्षभर चुलीचा धूर बसे तो वेगळाच.

बारामतीच्या रंगाच्या दुकानातल्या मुजफ्फरनं थिनर देताना बजावलं होतं, की ओली चिंधी नुसती ठेवून द्यायची, दुधावरची साय सुटते तसं पूट आपणहून सुटतं. पण दत्तोबांना कुठला दम निघायला! एक बाजू त्यांनी अंगातलं बळ लावून घासून काढली. चिंधी आधी काळी झाली, मग लालसर. गंज असेल म्हणून त्यांनी आणखीच जोर केला. पातं असं उजळलं की त्यात स्वतःच्या मिशा दिसायला लागल्या, आणि गडी खूश झाला.

दुसरी बाजू त्यांनी लेकीला, छकुलीला करायला दिली. तिनं नव्या चिंधीची ओली घडी पात्यावर ठेवली आणि जरा वेळानं उचलली. धुराचा थर निघून आला होता. खाली तांबूस वार्निशात कुंकवाचा ठसा होता, रुंद, रेघारेघांचा.

"आबा," छकुली हळूच म्हणाली, "आयचा अंगठा हाय ह्यो."

कुंकू लावायचं बोट द्वारकाबाईंचं कडबाकुट्टीत गेलं होतं. तेव्हापासून त्या अंगठ्यानंच कुंकू लावत. देवाला, लेकरांना, कट्यारीला. गेल्या खंडेनवमीला त्यांनी लावलं, दत्तोबांनी वरून वार्निश फिरवलं, आणि माघात त्या गेल्या. वर्षाच्या आत कार्य उरकायचं म्हणून तर हा मुहूर्त धरला होता.

दत्तोबांनी कट्यार हातात घेतली आणि ठसा वाळेपर्यंत त्यावर हलकेच फुंकर घालत राहिले. मग उलटी केली. उजळलेल्या पात्यावर कुठं काही नव्हतं. पायाशी पडलेल्या लालसर चिंधीकडं त्यांची नजर गेली.

ऋषिराज हळदीच्या अंगानं बाहेर आला. कट्यार झाली का, असं फोटोवाला विचारत होता. छकुलीनं त्याला ठसा दाखवला. तो बघत उभा राहिला.

"एकच बाजू झाली रं," दत्तोबा म्हणाले. "ती बी व्हाया नको हुती."

"असू द्या आबा. ही माझ्याकडं करून धरतो."

दुसऱ्या दिवशी मंडपात त्यानं तशीच धरली. चकचकीत बाजू लोकांकडं, ठशाची छातीशी. फोटो झकास आले. नवरीच्या आईनं तेवढं जावेच्या कानात विचारलं, की इवायांच्या अंगाला हा रंगाचा वास कसला येतोय.

वास येत होता खरा. दत्तोबांच्या कोऱ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात त्या लालसर चिंधीची घडी होती. एका हातानं खिसा दाबून धरून ते दुसऱ्या हातानं अक्षता टाकत होते.