उरलेला जोड

रुतिलिओने चपला काढून जीवरक्षकाच्या मनोऱ्याखाली ठेवल्या. टाचा समुद्राकडे, बोटं गावाकडे. सिकातेलाच्या किनाऱ्यावर फळी घेऊन लाटांवर जाणारे सगळे तशाच ठेवतात. बाहेर आला की ज्याने त्याने आपला जोड उचलायचा. ज्याचा राहिला तो पाण्यात आहे, मग जीवरक्षकाने शोधायला निघायचं.

शेजारी एवेलिओचा जोड होता. डाव्या चपलेचा पट्टा निळ्या दोरीने शिवलेला. शिवला होता इथल्या जीवरक्षक नेरेइदानेच, तिचा नवरा तो. गेल्या पावसाळ्यात आत गेला तो परत आला नाही. जोड तिथून हलवायला कुणाचा हात धजला नाही.

"बांध सरकलाय वाळूचा," नेरेइदा मनोऱ्यावरून म्हणाली. "लाट अख्खी एकदम कोसळतेय. मधे तो गुळगुळीत पट्टा दिसतो ना, तिथं ओढ आहे. लाल बावटा मी काय शोभेला लावलाय?"

"त्याच ओढीवर तर फुकटात आत जायचं," रुतिलिओने फळी काखेत मारली. "रविवारी लग्न आहे आपलं. एवढ्यात मरतोय कशाला?"

"तुझ्या जिभेला काही हाड?"

"एकच लाट घेतो नि आलोच. तू घरी जाऊन कॉफी टाक."

तो गेला तो सरसर ओढलाच गेला. दोन्हीकडे लाटा आपटत होत्या आणि मधलं पाणी नुसतं गप्प होतं. नेरेइदाला ते गप्प बसणं मुळीच आवडलं नाही.

मग लाटांवरचं धुकं किनाऱ्यावर पसरलं. दिवस बुडाला. फळी दिसेना. तिने शिट्टी फुंकली, पुन्हा फुंकली. शेवटी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. अंधुक उजेडात एकच जोड होता.

तिचा जीव भांड्यात पडला. वर्षभर रोज संध्याकाळी तो एक जोड उरायचा, आणि तो उरला म्हणजे बाकी सगळे बाहेर आले. त्याच्याकडे नीट बघणं तिने केव्हाच सोडलं होतं.

"न सांगता पळाला, गुलाम," ती पुटपुटली. बावटा उतरवून तिने गुंडाळला आणि मागच्या शिडीने उतरून घरची वाट धरली.

दार उघडं होतं. उंबऱ्याशी चपला काढलेल्या, ओल्याचिंब.

"सांगून यायला काय झालं होतं रे? घाबरून जीव अर्धा झाला माझा," ती म्हणाली आणि चपला बाजूला सारायला वाकली. डाव्या चपलेच्या पट्ट्यावर बोटांना टाके लागले. तिचेच टाके, निळ्या दोरीचे.

मनोऱ्याखाली कुणाचा जोड राहिला, ते तिला तेव्हा कळलं.

आत कुणीतरी पेल्यांत कॉफी ओतत होतं. लाल बावटा तिच्या काखेत होता.